‘व्हिडिओ निघणार आहे, गाऊ का?’ : झाडीपट्टीतल्या एका ऑर्गनवाल्याला उत्तर

तुझा प्रश्न दोनदा वाचला. वय चोवीस, गाव ब्रह्मपुरी तालुक्यात. दिवाळीपासून होळीपर्यंत झाडीपट्टीत, म्हणजे आपल्या पूर्व विदर्भात, वडशाच्या एका नाट्यकंपनीत ऑर्गन वाजवतोस, पावसाळ्यात घरचा धान, म्हणजे भातशेती. नागपूरला जाऊन काही ओपन माईक, म्हणजे कुणीही नाव देऊन गायचे कार्यक्रम, केलेस. स्वतःची सहा गाणी आहेत आणि त्यातली दोन उघडउघड पुरुषाला उद्देशून आहेत. आता एका कॅफेवाल्यांनी जूनमधल्या प्राइडच्या, म्हणजे एलजीबीटी लोकांच्या उत्सवाच्या, कार्यक्रमात गायला बोलावलंय, व्हिडिओ काढून इंटरनेटवर चढवणार आहेत. तू विचारतोस, सगळ्या जगाला सांगून टाकू, की गुपचूप पुण्या-मुंबईला निघून जाऊ?

आधी माझी ओळख, म्हणजे कोण बोलतंय ते कळेल. मीही ऑर्गनवालाच. हंगामात झाडीपट्टी, उरलेल्या दिवसांत नागपूर, अधूनमधून पुणे. मी गे आहे हे नागपुरात माझ्याबरोबर वाजवणाऱ्या सगळ्यांना ठाऊक आहे, वडशात निम्म्यांना, आणि गावात मायला आणि एका चुलतभावाला. असं अर्धंमुर्धं उघड राहून मी बरीच वर्षं दोन्हीकडे पोट भरतोय. हा काही आदर्श नाही, पण तू ज्या दोन टोकांमधून निवडायला निघालास त्यांच्या मधे बरीच जागा आहे, एवढं त्यावरून दिसावं.

आता मुद्दा. ‘जग’ तुझ्या प्रश्नात उगाच आलंय. जगाला तुझं काही पडलेलं नाही. तुला धाकधूक आहे ती मोजक्या माणसांची: बाबा, कंपनीचा मालक, भजन मंडळातली दोन-चार जाणती माणसं, आणि ज्याच्या शेताच्या धुऱ्याला, म्हणजे बांधाला, तुमचा धुरा लागून आहे तो काका. त्यामुळे मी प्रश्न असा मांडतो: हा व्हिडिओ या माणसांच्या फोनवर कोणत्या महिन्यात पोचेल, आणि पोचला त्या दिवशी तुझं जेवण आणि तुझं छप्पर कुणाच्या हातात असेल? याचं उत्तर मिळालं की बाकीचं बरंच आपोआप सुटतं. आधी पोट, मग छप्पर, मग रेकॉर्डिंगवर ताबा, आणि जाहीर सांगायचंच असेल तर ते सगळ्यात शेवटी. मी हाच क्रम धरतो.

यातलं बरंच तुझ्या घरावर अवलंबून आहे, आणि ते तुलाच माहीत. शेत बाबांच्या नावावर आहे की तुझं नाव सातबाऱ्यावर चढलंय? बहिणीचं लग्न व्हायचंय का? नागपुरात रात्री बारा वाजता दार उघडणारं कुणी आहे का? तुझी जात कोणती, आणि गावात तुमच्या घराला चार लोक धरून आहेत की तुम्ही एकटे? एकच व्हिडिओ दोन घरांत दोन तऱ्हांनी फुटतो. म्हणून खालचं सगळं वाचताना आपल्या घराला लावून बघ. न लागेल ते सोडून दे.

गावाबद्दल आधी बोलतो, कारण शहरातली मंडळी इथेच चुकतात. त्यांना वाटतं गाव म्हणजे अंधार. आपल्याकडे तर मंडईत, म्हणजे दिवाळीनंतरच्या जत्रेत, दंडार हे लोकनाट्य उभं राहतं आणि बाया बनून नाचतात ते पुरुषच. खडी गंमत या आपल्याकडच्या तमाशातही नाच्याशिवाय रंग चढत नाही. आमच्या बाजूच्या गावात दंडारीत बाईची भूमिका करणारा एक जण आहे, पन्नाशीचा. फुटक्या आरशात बघत बल्बच्या उजेडात दाढी घोटतो, दोनदा, वरून खाली आणि मग खालून वर. निऱ्या दातात धरून लुगडं नेसतो. ते करताकरताच मला विचारतो, "मास्तर, सोसायटीत युरिया आला का जी?" मंडपात त्याच्यावर शिट्ट्या पडतात, दहा-दहाच्या नोटा टाचल्या जातात, आणि सकाळी तोच माणूस ग्रामसभेत रस्त्यावरून भांडतो. कुणी त्याला हसत नाही. त्याला बायको आहे, दोन पोरं आहेत, एकरभर धान आहे. सगळा हिशेब जागेवर.

माझा हिशेब जागेवर नाही. मी शर्ट-पँट घालून चुपचाप ऑर्गनवर बसतो आणि दर हंगामात कुणीतरी चहा पिता पिता विचारतंच, "मास्तर, तुमी लगन काहून नाई केलं जी?" गावाला लुगड्याची अडचण नाही, बिनलग्नाच्या माणसाची आहे. तरीही गाव मला चालवून घेतं. का? मी वाजवतो बरं, उधार ठेवत नाही, मयतीला जातो, आणि गावाला जे कळलेलं आहे ते कुणी तोंडाने म्हटलेलं नाही. आपल्याकडे लोकांना पुष्कळ कळतं. बोलायची वेळ येऊ नये एवढीच त्यांची अपेक्षा असते.

कॅफेतल्या व्हिडिओने नेमकं हेच मोडतं. तू कोण आहेस हे तो सांगतो, ते एक झालं. त्याहून वाईट म्हणजे गावाला आता त्यावर काहीतरी बोलावं लागतं. जो काका दहा वर्षं गप्प होता, त्याला पानठेल्यावर विचारतात, "पाह्यला का पुतण्याचा व्हिडिओ?" आणि त्याला भूमिका घ्यावी लागते. चारचौघांत घेतलेली भूमिका माणूस मागे घेत नाही, मग ती त्याला स्वतःला पटलेली असो नसो. म्हणून मी व्हिडिओला गाण्यापेक्षा जास्त भितो. कॅफेत पन्नास लोकांसमोर ती दोन गाणी खुशाल गा. ती पन्नास माणसं ब्रह्मपुरीला येत नाहीत.

आता कंपनीच्या मालकाचं. त्याला तुझ्या खासगी आयुष्याशी देणंघेणं नाही, त्याला नाईटशी, म्हणजे नाटकाच्या प्रयोगाशी, आहे. एखाद्या गावच्या मंडळाने नाटक घेताना कुरकुर केली की तो तुला बदलेल, नाही केली तर नाही बदलणार. हा धंद्याचा विचार आहे, आणि धंद्याचा आहे म्हणून त्याचा अंदाज बांधता येतो. हंगाम भरात असताना ऑर्गनवाला बदलणं त्याला परवडत नाही. कुठल्या प्रवेशाला कोणती पट्टी, खलनायक आला की काय वाजवायचं, कुठली नटी तिसऱ्या अंकापर्यंत बेसूर होते आणि तिला कुठे उचलून धरायचं, हे सगळं तुझ्या बोटांत असतं. नवा माणूस आणला तर आठ-दहा नाईट तर नुसत्या चाचपडण्यात जातात. उलट पावसाळा सरता सरता, कलाकारांची जुळवाजुळव आणि बयाणे, म्हणजे आगाऊ पैसे देणं, चालू असतं, तेव्हा तुला गाळणं अगदी सोपं. फोनच करायचा नाही, झालं.

यावरून हिशेब लाव. जूनमध्ये व्हिडिओ चढला, तर तो गणपती-दुर्गोत्सवापर्यंत फिरतफिरत नेमका बोलणी चालू असताना वडशात पोचणार. म्हणजे सगळ्यात वाईट वेळी. म्हणून कॅफेवाल्यांना सांग: जूनमध्ये गातो, माझ्या दोन गाण्यांचा व्हिडिओ जानेवारीत टाका. त्यांना विचित्र वाटेल. वाटू दे. खरंच तुझी गाणी आवडली असतील तर ते थांबतील. जूनचा महिना संपल्यावर त्या गाण्यांचा उपयोग नाही म्हणाले, तर त्यांना काय हवं होतं ते तुला फुकटात कळलं.

जूनवरून आठवलं. शहरातल्या कॅफेंचे प्राइडचे कार्यक्रम जूनमध्ये, म्हणजे आपल्याकडे पऱ्हे, धानाची रोपं, टाकायचे दिवस. शहरातले चांगले मैफिलींचे दिवस नोव्हेंबर ते फेब्रुवारी, म्हणजे आपला हंगाम. दोन्ही कॅलेंडरं एकमेकांवर चढून बसलेली आहेत, आणि तू शहरातल्या मंडळींना ‘आळशी’ किंवा ‘गायब होणारा’ वाटशील त्याचं निम्मं कारण हेच असेल. मी सुरुवातीलाच सांगून टाकतो की दिवाळी ते होळी मी रात्रीचा मोकळा नाही. होळीनंतर पहिला पाऊस पडेपर्यंत नागपूर. रोवणी आटोपली की पुन्हा थोडं, मग दुर्गोत्सवाचे ऑर्केस्ट्रे. शहरात कुणी बुकिंग करणारा झाडीपट्टीचं नाव काढल्यावर ‘अच्छा, गावातली नाटकं’ म्हणाला, तर त्याला सांगायचं की याच रंगभूमीवरच्या परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली, आणि हजार-दोन हजार माणूस कडाक्याच्या थंडीत पहाटेपर्यंत बसवून ठेवणं काय असतं ते एकदा वडशाला येऊन बघा.

नागपूरच्या स्वतंत्र कलाकारांच्या वर्तुळाबद्दल तुझ्या मनात जरा जास्तच उजेड आहे, असं तुझ्या लिहिण्यावरून वाटलं. वर्तुळ चांगलं आहे, पण लहान आहे. धरमपेठेतल्या कॅफेत जो साउंड बघतो तोच रामदासपेठेत बघतो, तोच पुढच्या आठवड्यात तुझ्या एक्सबरोबर बाइकवर दिसतो. इथे गुपित राहत नाही, फक्त गावापर्यंत जात नाही, कारण या लोकांना गाव कुठे आहे तेच माहीत नसतं. माईकवर स्टँड-अप आणि हिंदी शायरी जास्त, मराठी गाणं कमी, आणि ऑर्गन किंवा पेटी घेऊन आलास की तुझं नाव आपोआप ‘लोककला’च्या खान्यात जातं. मग तू काहीही गा, ते ‘मातीतलं’च. याला फार चिडू नये, पण त्यात अडकूही नये.

दुसरा खाना जास्त गोड असतो, म्हणून जास्त जपावं: ‘आमचा क्विअर (म्हणजे एलजीबीटी) गायक’. या नावाने तुला बोलावणं वर्षातून एकदा येईल, बहुतेक वेळा पैशाशिवाय. मी एक साधा नियम ठेवलाय. जो आयोजक मला प्राइडला बोलावतो, त्याला त्याच फोनवर विचारतो, ऑगस्टमध्ये साध्या शनिवारी बोलावणार का? हो म्हणाला तर दोन्ही. मानधनही पहिल्याच फोनवर. तुझ्याकडे मोजमाप तयार आहे: कंपनी एका नाईटला जे देते, त्याच्या खाली नागपूरला उतरायचं नाही, आणि एसटीचं भाडं वेगळं. काही ओपन माईकवाले तर उलट गाणाऱ्याकडूनच नावनोंदणीचे पैसे घेतात. शिकायला एक-दोनदा ठीक आहे, त्याची सवय लावून घेऊ नकोस.

आणि जातीचं. शहरातल्या क्विअर गटांत सगळे आपले, असं वाटून तू जाशील, आणि पहिल्या अर्ध्या तासात कुणीतरी अगदी सहज आडनाव विचारेल. बऱ्याच जणांची भाषा इंग्रजी-हिंदी, शाळा शहरातली, घर स्वतःचं. त्यांचं ‘घरी सांगून टाक ना यार’ हे त्यांच्या घराला लागू असतं. यावरून एक विषयांतर करतो. स्वतंत्र संगीत म्हणजे कॅफेतली गिटार, असं ज्यांना वाटतं त्यांनी भीमगीतं गाणाऱ्यांकडे बघावं. १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर विदर्भाच्या गावागावांत स्वतः लिहून, स्वतः चाल लावून, भाड्याच्या पेटी-ढोलकवर रात्र रात्र गाणारे गायक उभे राहिले. त्यांच्यामागे ना कंपनी होती, ना प्रायोजक. १४ एप्रिलला कुठल्याही तालुक्याच्या गावात जाऊन ऐक. आपलं गाणं आपल्या माणसांसमोर न लाजता कसं उभं करायचं, हे मी कॅफेत नाही, तिथे शिकलो.

आता व्हिडिओचं तांत्रिक. इथे जरा सावकाश वाच, कारण माणसं भावनेच्या भरात मोठे निर्णय घेतात आणि फसतात ती बारीकसारीक जागी.

टोपणनाव घ्यायचं ठरवलंस तर चांगलंच, पण ते कुठे कुठे गळतं ते बघ. कलाकार म्हणून नवं इन्स्टाग्राम खातं काढताना रोजचा नंबर देऊ नकोस, आणि फोनमधल्या संपर्कांची परवानगी बंद ठेव. नाहीतर ज्यांच्याकडे तुझा नंबर सेव्ह आहे, त्यांनाच ते खातं सुचवलं जातं, म्हणजे भजन मंडळाच्या अख्ख्या ग्रुपला. कार्यक्रमात पैशासाठी यूपीआयचा क्यूआर ठेवलास तर स्कॅन करणाऱ्याला बँकेतलं खरं नाव दिसतं. त्यापेक्षा आयोजकाकडून एकरकमी घे. गाणं स्पॉटिफाय किंवा ॲपल म्युझिकवर चढवताना वितरक गीतकार-संगीतकाराचं खरं नाव मागतात. कलाकाराच्या जागी टोपणनाव चालतं, पण श्रेयांमध्ये खरं नाव दिसू शकतं. माझ्या ओळखीच्या एका मुलीने सहा महिने कुणाला चेहरा दाखवला नाही, आणि पहिल्याच गाण्याच्या श्रेयांत बापाच्या नावासकट पूर्ण नाव. ते गाणं तिच्या मावसभावाने कौतुकाने ग्रुपवर टाकलं. सुदैवाने गाणं आईवर होतं.

कॅफेवाल्यांशी बोलणं तोंडी ठेवू नकोस. व्हॉट्सॲपवर चार ओळी लिही: कोण चित्रण करणार, कुठे टाकणार, कोणतं नाव लिहिणार, मी सांगितलं तर किती दिवसांत तो हटवणार. त्यांनी ‘ओके’ लिहिलं की झालं. यालाच मी करार म्हणतो, वकील लागत नाही. पोस्टरवर चेहरा नको असेल तर हातांचा फोटो दे, ऑर्गनवाल्याचे हात छानच दिसतात. प्रेक्षकांच्या फोनवर तुझा ताबा नाही. त्या दोन गाण्यांआधी निवेदकाला एकदा सांगायला लाव की फोन खाली ठेवा. बहुतेक लोक ऐकतात. एखादा ऐकत नाही, तेवढी जोखीम धरून चालायचं, आणि ती पेलवत नसेल तर या खेपेला उरलेली चार गा. गाण्यांचे हक्क मात्र कुणालाही लिहून देऊ नकोस. शब्द आणि चाल तुझी आहे, २०१२ च्या कॉपीराइट दुरुस्तीने गीतकार-संगीतकाराचा रॉयल्टीचा हक्क पक्का केलाय, आणि ती रॉयल्टी गोळा करणाऱ्या आयपीआरएस या संस्थेचं सभासदत्व ऑनलाइन घेता येतं.

कायद्याचं थोडक्यात, कारण तू विचारलंस की ‘पोलीस काही करतील का’. ६ सप्टेंबर २०१८ पासून दोन सज्ञान माणसांचं राजीखुशीचं नातं गुन्हा नाही. त्यावर गाणं तर नाहीच नाही. लग्नाला मात्र मान्यता नाही, १७ ऑक्टोबर २०२३ ला सर्वोच्च न्यायालयाने ती दिली नाही. आणि कंपनीच्या मालकाने तुला बोलावणं थांबवलं तर त्याला कोर्टात खेचशील असा सरळ मार्ग गे माणसाला आज नाही, म्हणून तर वर एवढा महिन्यांचा हिशेब मांडला. खरा धोका ब्लॅकमेलचा असतो. डेटिंग ॲपवर भेटलेला कुणी व्हिडिओ घरी पाठवतो म्हणून पैसे मागू लागला, तर ती खंडणी आहे, भारतीय न्याय संहितेचं कलम ३०८. एक रुपया देऊ नकोस, कारण पहिला दिला की दुसरा मागतातच. स्क्रीनशॉट ठेव, सायबर पोलिसांकडे तक्रार कर, पैसे गेले असतील तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन. नागपुरात आपल्यासारख्यांसाठी काम करणारा सारथी ट्रस्ट आहे, ठाण्यात एकट्याने जायचं नसेल तर आधी त्यांच्याशी बोल.

घरच्यांना सांगण्याबद्दल माझं मत बऱ्याच जणांना पटत नाही. बहिणीचं लग्न व्हायचं असेल तर थांबण्यात भित्रेपणा नाही. पण सगळ्यांपासून लपवणंही मला झेपलं नसतं. एक माणूस हवाच ज्याला सगळं माहीत आहे, आणि तो शक्यतो घरचा किंवा कंपनीतला असावा, नागपूरचा नको. कारण वेळ येईल ती गावाकडे येईल. माझ्या बाबतीत तो आमचा तबलजी निघाला. सिंदेवाहीकडच्या एका नाटकानंतर पहाटे शेकोटीजवळ त्याला सांगितलं. तो बिडी विझवत म्हणाला, "बरं मंग? उद्याच्या नाईटले गाडी किती वाजता हाय?" पुढे कंपनीत कुणी टवाळी सुरू केली की तोच विषय बदलायचा. असा एक माणूस मिळव, मग व्हिडिओ.

तरीही फुटलंच आधी, तर? बाबांसाठी एकच वाक्य तयार ठेव आणि तेच बोल. "बाबा, गाणं माझंच आहे. घरी येऊन बोलतो." फोनवर वाद नको, रात्री नको, कुणी पिऊन असताना तर मुळीच नको. दोन-चार दिवस राहायची सोय, थोडे पैसे, आधार आणि मार्कशीट घराबाहेर एका ठिकाणी आधीच ठेव. घरचे बुवाकडे नेतील, नाहीतर ‘बरं करणाऱ्या’ डॉक्टरकडे. तो डॉक्टर असं उपचाराचं नाटक करत असेल, तर राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्येच ते व्यावसायिक गैरवर्तन ठरवलंय, हे त्याच्या तोंडावर सांगितलं तरी बरेचसे गप्प होतात. आणि जीव घाबरा झाला, झोप उडाली, नको ते विचार यायला लागले, तर १४४१६ वर फोन कर. टेली-मानस ही मानसिक आरोग्याची हेल्पलाइन सरकारी आहे, फुकट आहे, मराठीत बोलतात. मी ओळखीच्यांना लावून दिलाय.

आतापर्यंतचं एका दमात सांगायचं तर: जूनला जा, गा, पैसे ठरवून घे, व्हिडिओ जानेवारीत, नाव कुठे कुठे गळतं ते आधी बुजव, एका माणसाला आधी सांग. जाहीर घोषणा तुला हवी तेव्हा, कॅफेला हवी तेव्हा नाही.

पुण्या-मुंबईचं काय? मी ‘जाऊ नको’ म्हणणार नाही. मुंबईत १९९४ पासून आपल्यासारख्यांसाठी काम करणारा हमसफर ट्रस्ट आहे, रेनबो व्हॉइसेस नावाचं एलजीबीटी गायकांचं वृंदगान आहे. पुण्यात समपथिक ट्रस्टने मराठीत काम उभं केलं, आणि आपल्या भाषेत कुणी ऐकून घेणं ही फार मोठी सोय असते. पण तुझ्याकडे आज एक गोष्ट आहे जी तिथल्या बऱ्याच वादकांकडे नाही: वर्षातले चार महिने गाण्यावर जगण्याइतकं पक्कं काम. ते सोडून भाड्याच्या खोलीत बसलास, तर पहिलं वर्ष दुसऱ्याच्या लग्नांत हिंदी गाणी वाजवण्यात जाईल आणि ती दोन गाणी वहीतच राहतील. होळीनंतरचे दोन-अडीच महिने पुण्याला काढून बघ. जमलं तर पुढच्या वर्षी परत. पळून जायचं म्हणून गेलास तर परतीची वाट आपणच बुजवतो. कामासाठी गेलास तर हंगामात वडशाला परत येता येतं. अर्थात घरी मारहाण होत असेल तर हा सगळा शहाणपणा बाजूला ठेव आणि आजच नीघ.

राहिली गाणी. तू पाठवलेली रेकॉर्डिंग ऐकली. फोनवर केलीयेस, मागे पंप चालू आहे, तरी दोन्ही ऐकवतात. पहिल्यात तू ‘तू आलास, तू गेलास’ असं भूतकाळात सांगतोस, तिथे मराठी काही लपू देत नाही. दुसरं सगळं ‘येशील, बसशील, ये, थांब’ असं आहे. ते ऐकून कुणालाही आपापलं माणूस आठवेल. मी तुला लपवायला सांगत नाहीये. पण हे गाणं भजन मंडळातही चालेल, कारण आपले म्हातारे बाप्ये पिढ्यानपिढ्या राधा होऊन गौळणी गातात आणि विराण्यांत रडतात, त्यांना या आवाजाची सवय आहे. ते गावातही गा. पहिलं नागपूरला ठेव, आणि त्यातला एकही शब्द बदलू नकोस. ते उघड आहे म्हणूनच चांगलं आहे.

फक्त पहिल्याचा अंतरा तुला चढा पडतोय. काळी दोन पट्टीत वरच्या पंचमाला आवाज चिरतो आणि तू तो झाकायला ऑर्गन जोरात करतोस, ती नाटकातली सवय. पांढरी एकमध्ये घे, शेवटच्या ओळीला डावा हात काढून टाक. कॅफेत कीबोर्डसाठी वेगळी लाईन आहे का ते आदल्या दिवशी विचार, नाहीतर गिटारच्या ॲम्पमधून वाजवायला लावतात आणि खर्ज नुसता भुणभुणतो. कार्यक्रम अकराच्या आधी संपत नाही आणि त्यानंतर गणेशपेठच्या एसटी स्टँडहून उमरेड-भिवापूर मार्गे ब्रह्मपुरीला जायचा भरवसा धरू नकोस. झोपायची जागा गाणी ठरवायच्या आधी ठरव.